फायटर गप्प का बसतो? औषधाआधी पाणी बघा



दिवाळी सरली, पहाटे धुकं पडायला लागलं की आपल्या बेळगाव, खानापूर भागात घराघरातल्या काचेच्या भांड्यातला फायटर मासा बदलतो. काचेला बोट लावलं की पंख फुलवून अंगावर धावून येणारा मासा एका कोपऱ्यात बसून राहतो. खाणं टाकलं तर नुसतं बघतो आणि तोंड फिरवतो. कधी तळाला टेकतो, कधी वर पानासारखा पडून राहतो. मग घरात चर्चा सुरू होते. आजारी पडला, म्हातारा झाला, एकटा आहे म्हणून उदास झाला. कुणी दुकानातनं निळं औषध आणतं, कुणी घरातली कॅप्सूल फोडून पाण्यात टाकतं. आठवड्याभरात मासा जातो आणि घरातली पोरं रडत बसतात.

आपल्या सभासदांच्या घरांतूनही आता शोभेचे मासे पाळले जातात, विकले जातात. बायका आणि कॉलेजची पोरं हा जोडधंदा करतात, आणि त्यात सगळ्यात जास्त खपणारा मासा फायटरच. म्हणून आज जाळं-होडी बाजूला ठेवून या बोटभर माशाबद्दल सविस्तर लिहितोय. घरी एकच मासा असो की विकायला पन्नास बाटल्या असोत, कारण तेच आणि उपायही तोच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. सुस्त झालेला फायटर बहुतेक वेळा आधी रोगी नसतो, त्याचं पाणी बिघडलेलं असतं. पाणी म्हणजे दोन गोष्टी. ते किती गार आहे आणि त्यात किती घाण विरघळली आहे. हे दोन्ही तपासल्याशिवाय औषधाच्या बाटलीला हात लावू नका.

हा मासा आपल्याला फसवतो कसा

तळ्यात मासे पाळणाऱ्याला एक खूण पक्की माहीत असते. उन्हाळ्यात किंवा ढगाळ हवेत पहाटे कटला-रोहू वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले की समजायचं, पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. मग आपण पंप लावतो, ताजं पाणी सोडतो, खाद्य बंद करतो. मासा स्वतःच धोक्याची घंटा वाजवतो म्हणा ना.

फायटरकडं ही घंटा नाही. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर नागमोडी घड्यांचा एक अवयव असतो. त्यामुळं तो तोंडानं वरची हवा घेऊन श्वास घेऊ शकतो. आपली मरळही वर येऊन हवा घेते. तिचा अवयव थोडा वेगळा, पण शास्त्रीय वर्गीकरणात मरळ आणि फायटर एकाच गणात मोडतात. म्हणजे हा मासा तसा आपल्या ओळखीच्या खानदानातलाच.

हवा घेता येते म्हणून फायटर लहान बाटलीत, बिनपंपाच्या भांड्यात तग धरतो. त्यावरनं लोकांनी ठरवून टाकलं की याला काहीही चालतं, घाण पाण्यातपण जगतो. हे अर्धंच खरं आहे. प्राणवायू तो वरून घेतो, पण शरीरातली घाण मात्र कल्ल्यांतनं पाण्यातच सोडतो. त्या घाणीतला अमोनिया साठला की कल्ले पोळतात आणि विष रक्तात जातं. वरची हवा कितीही घेतली तरी यातनं सुटका नाही.

म्हणजे कटला ज्या पाण्यात बोंब मारून मदत मागेल, त्याच पाण्यात फायटर गप्प बसून सोसतो. त्याची हालचाल कमी होणं हीच त्याची घंटा. ती ऐकू येईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, म्हणून दिसली की लगेच उठायचं.

हा मासा मुळात कुठला

फायटर थायलंडचा. तिथं त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. थायलंडनं २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. तो राहतो भाताच्या खाचरांत, पाणथळीत, संथ ओढ्या-कालव्यांत. पाणी उथळ असतं, पण पसरलेलं असतं. भरपूर झाडपाला असतो, तो पाण्यातली घाण शोषून घेतो. आणि मुख्य म्हणजे पाणी बारा महिने उबदार असतं.

'फायटर डबक्यात राहतो, त्याला भांडं लहानच लागतं' असं जे सांगतात त्यांनी खाचर डोळ्यांपुढं आणावं. आपल्याकडं खानापूरला भाताची खाचरं आहेतच. वीतभर पाण्याचं खाचर आणि लिटरभराची बरणी, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी बघा, तो खरंच सुस्त आहे का

प्रत्येक गप्प मासा आजारी नसतो. फायटर हा सतत पळणारा मासा नाही. पानावर टेकून, कोपऱ्यात थांबून विश्रांती घेणं हा त्याचा स्वभावच आहे. रात्री तो झोपतो, अंग जरा फिकटही पडतं. रात्री अचानक दिवा लावून बघितलं तर मेल्यागत वाटेल. नवीन आणलेला मासा तीन-चार दिवस, कधी आठवडाभर बुजलेला राहतो. नरानं वर बुडबुड्यांचं घरटं बांधलं असेल तर तो त्याखालीच राखण करत थांबतो.

खरी सुस्ती ओळखायला चार गोष्टी बघा. खाणं टाकल्यावर येतो का? बोट काचेजवळ नेलं तर नजर वळवतो का? पंख मोकळे आहेत की अंगाला चिकटवून घेतलेत, छत्री मिटल्यासारखे? आणि हवा घ्यायला पहिल्यापेक्षा फार जास्त वेळा वर जातोय का? पंख मिटलेले, खाण्यावर मन नाही आणि दोन दिवस हेच चालू असेल, तर पुढचं वाचून कामाला लागा.

पहिलं कारण: गारवा

फायटरला २४ ते २८ अंश सेल्सिअस पाणी लागतं. २६-२७ असेल तर उत्तम. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं गार, तेवढं त्याचं अंग गार. गार अंगात पचन मंदावतं, स्नायू आळसावतात, रोगाशी लढायची ताकद कमी होते. पाणी २२ च्या खाली गेलं की तो स्पष्ट सुस्तावतो.

आता आपल्या हवेचा विचार करा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ च्या आसपास, कधी त्याखालीही जातो. इंदूर-ग्वाल्हेरला आपली माणसं आहेत, तिथं तर याहून कडक थंडी. गोव्यात किनाऱ्याला हा त्रास कमी. म्हणजे पणजीला पाहुण्यांकडं मजेत राहणारा मासा बेळगावला आणला की मलूल होतो, यात नशिबाचा काही भाग नाही.

नुसता गारवाच नाही, चढ-उतारही मारतो. दुपारी खिडकीत ऊन खाऊन २७ ला गेलेलं पाणी पहाटे १८ ला उतरतं. भांडं जेवढं लहान, तेवढी ही घसरण वेगात होते. तळ्याचं पाणी सावकाश गार होतं, तांब्यातलं पटकन, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून पहिली खरेदी औषधाची नाही, थर्मामीटरची. हात बुडवून अंदाज चालत नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे एकदा आणि दुपारी एकदा असं तीन दिवस मोजा. निम्मी उत्तरं तिथंच मिळतील.

उपाय असे:

भांड्याला पाण्यात बुडणारा, तापमान ठरवता येणारा हीटर बसवा. २० लिटरला २५ ते ५० वॅट पुरतो. हीटर पूर्ण पाण्याखाली गेल्याशिवाय बटण चालू करू नका, आणि पाणी बदलताना किंवा हात घालताना आधी प्लग काढा. स्वस्त हीटर कधी कधी चालूच राहतो, म्हणून थर्मामीटर वेगळा हवाच.

लिटर-दोन लिटरच्या बरणीत हीटर लावायचा नाही, पाणी पटकन उकडेल. मासा मोठ्या भांड्यात हलवा.

भांडं कडाप्प्यावर, फरशीवर, खिडकीजवळ ठेवू नका. खाली आणि मागं थर्माकोल लावा. बर्फाच्या पेटीतला थर्माकोल गारवा धरतो तसाच ऊबही धरतो. पण तो ऊब तयार करत नाही, एवढं लक्षात ठेवा. एकट्या थर्माकोलवर कडाक्याची थंडी निघत नाही.

वर झाकण ठेवा, थोडी फट सोडून. फायटर उडी मारतो हे एक, आणि वरची हवा उबदार राहते हे दुसरं. तो तीच हवा आत घेतो, त्यामुळं ती एकदम गार असून चालत नाही.

आणि पाणी सावकाश तापवा, तासाला एखादा अंश पुरे. गार पडलेल्या माशावर गरम पाणी ओतणं म्हणजे उपचार नाही, शेवटचा धक्का.

दुसरं कारण: न दिसणारी घाण

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून ते चांगलं असं नाही. अमोनिया डोळ्याला दिसत नाही. तो येतो माशाच्या कल्ल्यांतनं, विष्ठेतनं आणि न खाल्लेल्या दाण्यांतनं. जुन्या, बसलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर जीवाणू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जीवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी बदलत राहणं हाच उपाय.

साधं गणित करा. एका माशाची दिवसाची घाण २० लिटरमध्ये पडली आणि तेवढीच २ लिटरमध्ये पडली, तर दुसऱ्या भांड्यात ती १० पट दाट होते. मासा तोच, खाणं तेच, फरक भांड्याचा.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. अमोनिया किती विषारी होणार हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का जहाल रूपात असतो. पीएच ८ झाला की तेच प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे जवळपास १० पट. आपल्या पठारावर बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं आणि त्याचा पीएच ७ च्या वर असतो. मग शेजाऱ्याच्या घरी चालणारी घाण तुमच्या घरी मासा मारू शकते.

थंडीत गारवा आणि घाण एकमेकांना मदत करतात. गारव्यानं मासा खात नाही. आपण काळजीपोटी दाणे टाकतच राहतो. ते कुजतात. जीवाणूही थंडीनं मंदावलेले असतात, त्यामुळं अमोनिया साठतो. मासा आणखी गप्प होतो, आपण आणखी दाणे टाकतो. हे चक्र तोडायचं तर ऊब आणि पाणी दोन्ही एकदम सुधारायला हवं. नुसती ऊब दिली आणि घाण तशीच ठेवली तर उबेनं अमोनियाचा विषारी भाग थोडा वाढतोच.

काय करायचं:

मासा सुस्त दिसला की त्याच दिवशी तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदला. नुसत्या एवढ्यानं बरेच मासे पंख उघडतात. अमोनिया तपासायचे थेंबाचे संच शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आली पाहिजेत.

नवं पाणी त्याच तापमानाचं हवं. गच्चीवरच्या टाकीतलं जानेवारीतलं सकाळचं पाणी थेट ओतू नका. आदल्या दिवशी बादली भरून भांड्याजवळच उघडी ठेवा. २४ तासांत नळाच्या पाण्यातला क्लोरीन बऱ्यापैकी उडून जातो आणि पाणी खोलीच्या उबेला येतं. घाई असेल तर क्लोरीन घालवणारे थेंब वापरा. विहिरीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर काही दिवस ते पाणी नको.

तांब्याच्या हंड्यातलं, बंबातलं पाणी माशाला घालू नका. आपल्याला ते चांगलं, माशाला तांबं विषारी. नुसतं आरओचं पाणीही नको, त्यात माशाला लागणारे क्षार उरत नाहीत.

रविवारी सगळं पाणी फेकून, भांडं साबणानं घासून, खडे उकळून परत लावायची सवय सोडा. साबणाचा अंश मारतो, आणि स्वच्छतेच्या नादात चांगले जीवाणूही जातात. स्पंज धुवायचा तर काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा, नळाखाली नाही.

२० लिटरची टाकी आणि हळू चालणारा स्पंज फिल्टर असेल तर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदललं की पुरतं. बिनफिल्टरच्या लहान भांड्यात दर दोन-तीन दिवसांनी निम्मं बदलावंच लागतं. मोठं भांडं म्हणजे जास्त काम असं वाटतं, प्रत्यक्षात उलटं आहे.

बदामाचं वाळलेलं पान पुष्कळ जण टाकतात. आपल्या रस्त्याकडेला मोठ्या पानांचं जे बदामाचं झाड असतं, त्याचंच. पिकून गळलेलं, तपकिरी, औषध न फवारलेलं पान धुऊन टाकलं तर हरकत नाही. पाणी चहासारखं होतं आणि माशाला आडोसाही मिळतो. पण पान म्हणजे पाणी बदलण्याला पर्याय नाही.

खाणं, वारं, आरसा

फायटर किडे खाणारा मासा. ब्रेड, भात, बिस्किटाचा चुरा त्याचं खाणं नाही. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं धरून चाला. चांगल्या प्रतीचे बारीक दाणे सकाळी २-३, संध्याकाळी २-३, एवढंच. आठवड्यातनं एक दिवस उपास. घरात चार माणसं असली की प्रत्येक जण प्रेमानं चिमूटभर टाकतो आणि मासा फुगून एका अंगावर तरंगायला लागतो. अशा वेळी दोन-तीन दिवस खाणं बंद, पाणी उबदार, पातळी जरा कमी. पुष्कळदा तो सरळ होतो. स्वच्छ पाण्यात वाढवलेल्या डासांच्या अळ्या त्याला फार आवडतात. गटारातनं काढलेले लाल किडे मात्र रोग घेऊन येतात.

फिल्टरचा झोत जोरात असेल तर लांब झुपकेदार पंखांचा मासा दिवसभर पुरात पोहल्यासारखा दमतो आणि आडोसा धरून बसतो. झोत काचेकडं वळवा किंवा हवेचा पंप मंद करा.

समोर आरसा असेल, शेजारच्या बाटलीत दुसरा नर दिसत असेल, तर सुरुवातीला तो फुगतो, भांडतो. दिवसचे दिवस तेच चाललं की थकून गप्प होतो. लोक कौतुकानं म्हणतात, 'आता माणसाळला'. तो माणसाळलेला नसतो, थकलेला असतो. मध्ये पुठ्ठा लावा. दिवा दिवसाला ८ ते १० तास पुरे, रात्री अंधार हवाच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. डास-झुरळ मारायची फवारणी माशाच्या खोलीत करू नका. त्यातली बरीच औषधं माशांना फार विषारी असतात, आणि हा मासा तर पाण्याच्या वरची हवाच आत घेतो.

वय झालं तर

फायटर साधारण २ ते ४ वर्षं जगतो. दुकानात पूर्ण पंखांचा, रंग भरलेला नर येतो तेव्हाच तो बहुधा सहा महिन्यांच्या पुढचा असतो. म्हणजे घरी आणून दोन-अडीच वर्षं झाली असतील, पाणी-ऊब सगळं नीट असेल आणि मासा हळूहळू, महिन्या-महिन्यानं मंद होत असेल, तर ते वय. पाण्याची पातळी कमी करा म्हणजे हवा घ्यायला लांब जावं लागणार नाही, वरच्या बाजूला टेकायला एखादं रुंद पान द्या. वयाची सुस्ती सावकाश येते. चार दिवसांत आलेली सुस्ती वयाची नसते, हा फरक ध्यानात ठेवा.

रोग कधी म्हणायचा

पाणी सुधारूनही तीन-चार दिवसांत फरक नाही, किंवा अंगावर खूण दिसतेय, तरच रोगाकडं वळा.

अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके, मासा अंग घासतोय: पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग. पाणी सावकाश २८ पर्यंत न्या, रोज थोडं पाणी बदला. त्या रोगासाठीचं औषध मात्रेनुसारच.

अंधारात टॉर्च मारल्यावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते: हाही परजीवी, पण जास्त वेगानं मारतो. टाकीचा दिवा बंद ठेवा आणि उशीर करू नका.

पंखांच्या कडा फाटत, काळ्या-लाल होत चालल्यात: पंख कुजण्याचा रोग. सुरुवातीला असेल तर स्वच्छ पाण्यानंच पुष्कळदा थांबतो.

पोट फुगलं आणि खवले अननसासारखे उभे राहिले: आतले अवयव निकामी होत आल्याची खूण. यातनं फार थोडे मासे उठतात. हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

मीठ हा जुना उपाय आहे, पण मापात. खडे मीठ, १ लिटरला १ ते २ ग्रॅम, वेगळ्या भांड्यात, आधी पाण्यात विरघळवून दिवसभरात दोन-तीन वेळा करून. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. म्हणून पाणी नुसतं आटलं असेल तर साधंच पाणी घाला, बदललं असेल तर बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ. कायम मिठात ठेवू नका.

माणसाच्या प्रतिजैविकाची कॅप्सूल पाण्यात फोडणं पूर्ण बंद करा. रोग कोणता हे माहीत नसताना ती लागू पडायची शक्यता कमी. त्यानं टाकीतले चांगले जीवाणू मरू शकतात, मग अमोनिया वाढतो, आणि आधीच दमलेला मासा आणखी खचतो. वर ते पाणी आपण मोरीत ओततो आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार व्हायला हातभार लावतो. माशांचा जाणकार डॉक्टर किंवा मत्स्य विभागाचे अधिकारी यांना विचारूनच असं औषध.

विकणाऱ्या सभासदांसाठी

बोटुकली तळ्यात सोडताना आपण काय करतो? प्रवासाआधी तिला उपाशी ठेवतो. पोचल्यावर पिशवी तळ्याच्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवतो. मग थोडं थोडं तळ्याचं पाणी पिशवीत घेऊन सावकाश सोडतो. फायटरलाही अगदी हेच लागतं. जे ज्ञान आपण लाखभर बोटुकलीला वापरतो, ते एका माशाच्या गिऱ्हाइकाला सांगायला विसरू नका.

थंडीत बाटल्या रस्त्याकडेच्या फळीवर मांडू नका. एका मोठ्या टपात पाणी भरून त्यात एक हीटर टाका आणि सगळ्या बाटल्या त्या पाण्यात गळ्यापर्यंत उभ्या करा. एका हीटरमध्ये वीस-तीस बाटल्या उबदार राहतात. बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा रंगीत पडदा. पाणी दर एक-दोन दिवसांनी बदला.

गिऱ्हाइकाला बरणी विकण्याऐवजी १५-२० लिटरचं भांडं आणि थर्मामीटर घ्यायला सांगा. नाही परवडलं तर साधी प्लास्टिकची टोपलीवजा टाकीही चालते. गिऱ्हाईक म्हणेल, 'हा बरणीतच राहतो ना?' त्याला खरं सांगा, तो बरणीत राहत नाही, बरणीत हळूहळू मरतो. आज महाग वाटेल, पण ज्याचा मासा दोन वर्षं जगला तो परत आपल्याकडंच येतो. ज्याचा मासा पंधरा दिवसांत गेला तो शोभेच्या माशांचा नादच सोडतो, आणि आपला धंदा तिथंच थांबतो.

नको झालेला मासा तळ्यात सोडू नका

मासा सुस्त झाला, पोरं कंटाळली, म्हणून गावतळ्यात किंवा विहिरीत सोडून 'पुण्य' करणारे आहेत. थंडीनं तो बहुधा मरतोच. पण त्याच्याबरोबर त्याच्या अंगावरचे परजीवी आपल्या पाण्यात उतरतात. बाहेरचा मासा पाण्यात घुसला की काय होतं हे आपण चिलापीच्या बाबतीत भोगतोय. थाई मागूरवर तर देशात बंदीच आहे. पाळायचा नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. मेला तर मातीत पुरा, नाल्यात टाकू नका. आजारी माशाचं पाणीही झाडांच्या आळ्यात ओता.

थोडक्यात, क्रम लक्षात ठेवा

१. थर्मामीटर बघा. २४ च्या खाली असेल तर सावकाश ऊब द्या.
२. त्याच दिवशी तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला, तेवढ्याच उबेच्या पाण्यानं.
३. एक-दोन दिवस खाणं बंद, उरलेले दाणे काढून टाका.
४. झोत, आरसा, शेजारची बाटली, फवारणी तपासा.
५. टॉर्च घेऊन अंग नीट बघा.
६. तीन-चार दिवसांत फरक नाही किंवा खूण दिसली, तरच औषध, तेही विचारून.

पहिल्या तीन गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही आणि बहुतेक मासे तिथंच सावरतात. थंडी अजून दोन महिने आहे. ज्यांच्या घरी फायटर आहे त्यांनी आज रात्रीच बादली भरून ठेवा. आणि हा मजकूर आपल्या गल्लीतल्या मासे पाळणाऱ्या पोरांपर्यंत पोचवा.